घरगुती बेल्ट ग्राइंडर : धार लावण्यासाठी नव्हे, पाते पुन्हा घडवण्यासाठी

एक इंच रुंद आणि तीस इंच लांब, म्हणजे २५ बाय ७६२ मिलिमीटरचा बेल्ट फिरवणारे टेबलावरचे छोटे ग्राइंडर हा या परीक्षणाचा विषय आहे. एकाच साच्यातली ही यंत्रे रंग आणि नाव बदलून अनेक उत्पादक विकतात, त्यामुळे माझ्याकडच्या यंत्रावर कोणाचे नाव आहे याला फारसे महत्त्व नाही आणि ते मी इथे देतही नाही. खोक्यावर मात्र बहुतेक सगळे एकच आश्वासन छापतात : सुऱ्या, कात्र्या आणि हत्यारे यांना घरबसल्या झटपट धार. यंत्र बराच काळ वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की धार लावणे हे त्याला सर्वांत कमी जमणारे काम आहे. जाड झालेले किंवा टोक मोडलेले पाते पुन्हा घडवण्याचा खोक्यावर उल्लेखही नसतो, पण ते काम हे यंत्र फार चांगले करते. ते घ्यावे की नाही, हे आपल्याला या दोहोंपैकी नेमके काय हवे आहे त्यावर ठरवावे.

पाते पुन्हा घडवण्याची गरज का पडते, हे आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण सुरी चालत नाही म्हणून पुन्हा पुन्हा धार लावत बसणाऱ्यांची खरी अडचण बहुधा इथेच असते. पात्याची जाडी पाठीकडून धारेकडे कमी होत जाते. दर वेळी सुरी पाजवताना थोडा धातू जातो, पात्याची उंची घटते आणि धार हळूहळू पात्याच्या अधिक जाड भागात सरकत जाते. समजा, पाठीशी २ मिलिमीटर जाड आणि ४५ मिलिमीटर उंच अशा सुरीची धारेलगतची जाडी नवी असताना ०.३ मिलिमीटर आहे. उंची ५ मिलिमीटरने झिजली की हीच जाडी सुमारे ०.५ मिलिमीटर होते. आकडा किरकोळ दिसतो. पण दोन्ही बाजूंना १५-१५ अंशांचा कोन ठेवायचा म्हटले, तर धारेच्या उताराची, म्हणजे धारेशी तिरक्या घासलेल्या पट्टीची, रुंदी ०.६ मिलिमीटरवरून जवळजवळ १ मिलिमीटरवर जाते. मग दर वेळी घासायचा धातू वाढतो, आणि कडक कंद चिरताना पाते कापत जाण्याऐवजी पाचरीसारखे घुसते व कंद अर्ध्यातच तडकून दुभंगतो. अशी सुरी हातावरचे केस उतरवण्याइतकी तीक्ष्ण असली, तरी कापताना जडच जाते. तिला धारेची नव्हे, तर धारेच्या वरचा दहा-पंधरा मिलिमीटरचा भाग दोन्ही बाजूंनी पातळ करण्याची गरज असते. भरड दगडावर हाताने हे काम होते आणि उत्तम होते, परंतु स्टेनलेस पोलादाच्या मोठ्या सुरीवर त्यात तास जातात आणि दगडालाही मध्यभागी खोलगटपणा येतो. हे तास वाचवण्यासाठीच बेल्ट ग्राइंडर.

यंत्राची रचना साधी आहे. खाली मोटर, तिच्या दांड्यावर चाक, वर एक-दोन छोटी चाके, त्यांच्यावरून उभा फिरणारा बेल्ट, बेल्टच्या मागे आधाराला लोखंडी पट्टी, जिला प्लेटन म्हणतात, आणि पुढे एक लहान टेबल. बेल्ट वरून खाली धावतो. प्लेटनवर पाते टेकवले तर सपाट उतार मिळतो. प्लेटनच्या वर बेल्ट मोकळा असतो तिथे टेकवले तर बेल्ट किंचित दबतो आणि उताराला फुगीर वळण येते. पाते पातळ करण्यासाठी प्लेटन हवे, आणि नेमकी तिथेच माझ्या यंत्राची सर्वांत मोठी उणीव निघाली. प्लेटन म्हणून दिलेली पट्टी पातळ पत्र्याची होती व ती मधोमध बाहेरच्या बाजूला फुगलेली होती. फुटपट्टीची कड आडवी लावून मागून उजेड धरला की दोन्ही टोकांशी फट दिसत असे. अशा पट्टीवर कितीही जपून काम केले तरी पात्याला सपाट उतार मिळत नाही. ती काढून मी तिच्या जागी जाड, सपाट घासलेली पोलादी पट्टी बसवली, आणि यंत्राच्या कामात खरा फरक पडला तो यामुळे. विकत घेणाऱ्याने खोके उघडताच पहिली तपासणी प्लेटनची करावी, दुसरी टेबलाची. टेबल बेल्टशी काटकोनात आहे का हे गुण्या लावून पाहावे. माझे नव्हते, आणि स्क्रू घट्ट करतानाच ते सरकत असे. सुदैवाने सुरीच्या कामासाठी टेबल लागतच नाही, उलट ते काढून ठेवणेच श्रेयस्कर, कारण टेबल आणि बेल्ट यांच्या फटीत पात्याचे टोक ओढले जाण्याचा धोका मोठा असतो. बेल्ट चाकाच्या मधोमध ठेवणारा स्क्रू मात्र चांगल्या प्रतीचा आहे आणि एकदा लावलेला बेल्ट सहसा जागा सोडत नाही. मोटरबद्दलही तक्रार नाही. जोर लावला तर ती मंदावते, पण सुरीवर इतका जोर लावण्याचे कारणच नाही.

आता उष्णतेविषयी, कारण या यंत्राचे सगळे गुणदोष शेवटी तिच्यापाशी येऊन थांबतात. ५० हर्ट्झच्या विजेवर अशी मोटर मिनिटाला सुमारे २८५० फेरे घेते. तिचे चाक १०० मिलिमीटर व्यासाचे असेल, तर बेल्ट मिनिटाला सुमारे ९०० मीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर धावतो. या वेगाला लाकूड छान घासले जाते, परंतु सुरीच्या धारेसाठी तो फार होतो. साधे कार्बन पोलाद कडक केल्यावर त्याचा ठिसूळपणा घालवण्यासाठी ते पुन्हा साधारण १५० ते २२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले असते, आणि त्यानंतर कधीही ते त्या तापमानाच्या बरेच वर गेले की पात्याचे पाणी उतरते, म्हणजे त्याचा कडकपणा जातो. धार हा पात्याचा सर्वांत पातळ भाग असल्यामुळे तिथली उष्णता पसरायला धातूच नसतो. पाठ हाताला जेमतेम कोमट लागत असताना धार भाजून निघालेली असू शकते. कार्बन पोलादावर फिकट पिवळा रंग साधारण २०० अंशांच्या पुढे उमटतो आणि ३०० च्या आसपास तो निळा होतो, म्हणून निळी रेघ दिसली की नुकसान झाले हे नक्की. मात्र रंग दिसला नाही म्हणजे सारे ठीक आहे, असा निष्कर्ष स्टेनलेसच्या बाबतीत काढू नये. त्यातल्या क्रोमियममुळे हे रंग अधिक तापमानाला उमटतात, आणि रंग उमटण्याआधीच धारेचा कडकपणा घटलेला असू शकतो. उमटलेला रंग पॉलिश पेपरने पुसून टाकला तरी मऊ झालेला धातू तिथेच राहतो. तो पूर्ण घासून काढल्याशिवाय त्या जागी धार टिकत नाही.

यावर उपाय आहेत, परंतु ते सगळे वापरणाऱ्याने पाळायचे आहेत. यंत्र त्यात काहीच मदत करत नाही. यंत्राशेजारी पाण्याची बादली असावी, पाते ओलेच बेल्टवर न्यावे, धारेजवळचा ओलावा सुकू लागला की लगेच पुन्हा बुडवावे, आणि हातमोजे घालू नयेत, कारण उघड्या बोटांना उष्णता आधी कळते आणि सैल मोजा बेल्टमध्ये अडकण्याची भीतीही राहत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पातळ करताना धार शून्यावर आणू नये. धारेशी ०.३ मिलिमीटरच्या आसपास जाडी राहिली की यंत्र थांबवावे आणि उरलेले काम दगडावर करावे. वेग कमी करता आला असता तर हा सारा जाच टळला असता, पण या साच्यातल्या बहुतेक यंत्रांना सिंगल फेजची इंडक्शन मोटर असते आणि तिचा वेग सहजासहजी कमी करता येत नाही. पंख्याचा रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर जोडून पाहण्याचा मोह काहींना होतो. त्याने मोटरचा जोर जातो, ती तापते आणि शेवटी जळू शकते. वेग बदलता येणारी अशीच यंत्रे मिळतात. आज मला पुन्हा निवड करायची झाली, तर बाकी सगळ्या सोयी सोडून मी तेवढी एक सोय मागेन.

प्रत्यक्ष काम कसे होते, ते एका मोठ्या सुरीच्या उदाहरणाने सांगतो. आधी पात्याच्या दोन्ही बाजू धारेपासून पंधरा मिलिमीटरपर्यंत काळ्या मार्करने रंगवाव्यात. यंत्रावर १२० ग्रिटचा बेल्ट चढवावा (ग्रिट म्हणजे दाण्याचा क्रमांक, तो जितका मोठा तितका दाणा बारीक). धार खाली, म्हणजे बेल्ट ज्या दिशेने पळतो त्याच दिशेला ठेवून पाते प्लेटनवर जवळजवळ सपाट टेकवावे आणि मुठीकडून टोकाकडे एकाच संथ गतीने ओढत न्यावे. धार कधीही बेल्टच्या समोरून येऊ देऊ नये. ती बेल्टमध्ये रुतली तर बेल्ट फाटतो आणि सुरी हातातून उडते. एक फेरा झाला की पाते उचलून शाई पाहावी. शाई फक्त पाठीकडच्या बाजूने गेली असेल तर पाठ बेल्टला फार चिकटली आहे, ती केसभर उचलावी. फक्त धारेच्या कडेने गेली असेल तर पाठ फार उचलली गेली आहे. इथे फरक दोन-तीन अंशांचा असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही, शाईत लगेच दिसतो. धार खाली असल्यामुळे चालू काम नजरेस पडत नाही, हा या पद्धतीचा त्रासदायक भाग आहे, आणि म्हणूनच दर फेऱ्यानंतर थांबून पाहण्याला पर्याय नाही. हात बसला की ओरखड्यांचा एक समान, करडा पट्टा पात्याच्या लांबीभर उमटत जातो आणि त्याची खालची कड जुन्या उताराला भिडते. तो उतार फेऱ्यागणिक अरुंद होत जाताना पाहणे फार समाधानाचे असते.

टोकापाशी विशेष जपावे लागते. तिथे पाते अरुंद होते, त्यामुळे तोच दाब कमी जागेवर पडतो, धातू झपाट्याने जातो आणि तापतोही लवकर. टोक बेल्टच्या कडेवरून खाली ओढले गेले तर ते गोल होते. म्हणून टोक बेल्टच्या रुंदीच्या मध्यावर आले की पाते सरळ उचलून घ्यावे. मोडलेले टोक पुन्हा काढायचे असेल तर धारेच्या बाजूने नव्हे, पाठीच्या बाजूने घासावे. तसे केल्याने धारेचे मूळ वळण आहे तसे राहते आणि पाठीचा उतार नव्या टोकाला येऊन मिळतो. पाठ जाड असल्यामुळे हे काम भरड बेल्टवर बिनधास्त करता येते, आणि इथे यंत्र हातकामापेक्षा कितीतरी सरस ठरते. खाचांचे काम मी यंत्रावर करत नाही. धार दगडावर उभी धरून खाच संपेपर्यंत घासणे हाताने काही मिनिटांत होते, आणि त्यानंतर धारेशी झालेले जाड भाग पातळ करायला यंत्र आहेच.

ज्या एका कामासाठी मी या यंत्राची मनापासून शिफारस करेन, ते आहे मुठीलगतच्या बोल्स्टरचे. काही सुऱ्यांमध्ये मुठीपाशी पात्याची पूर्ण उंची व्यापणारा धातूचा जाड ठोकळा असतो. दगड त्याला अडतो, त्यामुळे टाचेकडची धार नीट घासली जात नाही आणि त्याच्या पुढची धार मात्र झिजत राहते. काही वर्षांत तिथे धारेला आतल्या बाजूला बाक येतो, आणि सुरी फळीवर टेकवली की मधे उजेड दिसतो. अशी सुरी कितीही तीक्ष्ण केली तरी पातळ काप शेवटी एकमेकांना चिकटून राहतात, कारण धार फळीपर्यंत पोचतच नाही. बोल्स्टर दोन-तीन मिलिमीटर वर घेतला आणि धारेची रेषा पुन्हा सरळ केली की सुरी नव्यासारखी वागू लागते. कानशीने हे करायचे म्हणजे मनगटाची परीक्षा असते. ८० ग्रिटच्या बेल्टवर ते पाण्यात बुडवत बुडवत थोड्या वेळात होते, आणि धातू जाड असल्यामुळे धार भाजण्याची धास्तीही नसते.

खोक्यातून आलेल्या बेल्टविषयी चांगले बोलण्यासारखे काही नाही. ते तपकिरी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असून पोलादावर लवकर बोथट होतात, आणि बोथट बेल्ट कापत नाही, नुसता घासतो व तापवतो. सिरॅमिक दाण्यांचे बेल्ट वेगळे विकत घ्यावेत. त्यांचे दाणे तुटताना नव्या कडा उघड्या पडतात, म्हणून ते कितीतरी जास्त टिकतात आणि थंडही चालतात. क्रम ठेवायचा तर ८० किंवा १२०, मग २४० आणि शेवटी ४०० पुरेसा आहे. १२० चा दाणा साधारण १२५ मायक्रॉनचा, २४० चा ५८ चा आणि ४०० चा ३५ चा असतो, त्यामुळे मधली पायरी गाळली की भरड ओरखडे शेवटपर्यंत दिसत राहतात. बेल्टचा सांधा एकावर एक चिकटवलेला असेल तर प्रत्येक फेऱ्याला प्लेटनवर ठक् ठक् आवाज येतो आणि पात्यावर बारीक आडव्या खुणा पडतात; सपाट, टेपने जोडलेल्या सांध्याचे बेल्ट घेतले की हा प्रश्न राहत नाही. पातळ केलेल्या पात्याचे मूळ पॉलिश अर्थातच जाते. थरांची नक्षी असलेल्या पात्यावरची नक्षी पुसली जाते आणि ती परत उठवायला फेरिक क्लोराइडची प्रक्रिया करावी लागते, तर न चिकटणारा लेप दिलेल्या सुऱ्यांचा लेप कायमचा निघून जातो. ज्यांना सुरीचे रूप जपायचे आहे त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

शेवटची धार मी यंत्रावर लावत नाही. बेल्टने लावलेली धार पहिल्या दिवशी झकास कापते, पण माझ्या अनुभवात ती दगडाच्या धारेइतकी टिकत नाही, आणि त्यामागे उष्णताच असावी असे मला वाटते. १००० ग्रिटचा जपानी दगड या कामाला पुरतो. इथे एक गोंधळ टाळावा : १००० क्रमांकाच्या पॉलिश पेपरचा दाणा सुमारे १८ मायक्रॉनचा असतो, तर त्याच क्रमांकाच्या जपानी दगडाचा साधारण ११ ते १५ चा, म्हणजे क्रमांक एकच असला तरी दगड अधिक बारीक असतो. ४५ मिलिमीटर उंचीच्या पात्याला १५ अंशांचा कोन द्यायचा तर पाठ दगडापासून सुमारे १२ मिलिमीटर वर धरावी. पाते आधीच पातळ झालेले असल्यामुळे उतार अरुंद असतो आणि काही हलक्या फेऱ्यांतच पलीकडच्या बाजूला धातूची बारीक कड उलटलेली बोटाला लागते. ती दोन्ही बाजूंनी आलटून पालटून, दाब कमी करत काढली की काम संपले.

यंत्र आवाज पुष्कळ करते, पण त्याहून गंभीर बाब धुळीची आहे. पोलादाची आणि दाण्यांची ही बारीक धूळ श्वासात जाऊ नये म्हणून एन-९५ दर्जाचा मास्क आणि डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा हवाच, आणि काम घराच्या आत करूच नये. यंत्राला धूळ ओढण्यासाठी नळी जोडायची सोय आहे. तिला लाकडाचा भुसा साठलेला व्हॅक्यूम जोडला तर ठिणग्यांनी आग लागू शकते. मी बेल्टच्या खाली पाण्याचे ताट ठेवतो, बऱ्याच ठिणग्या तिथेच विझतात. माहितीपुस्तिकेत या धोक्याविषयी एक ओळही नव्हती, हे मला अक्षम्य वाटते.

पर्यायांचा विचार करणाऱ्यांसाठी थोडक्यात. टॉर्मेक टी-८ सारख्या यंत्रात २५० मिलिमीटर व्यासाचा दगड पाण्यातून मिनिटाला ९० फेरे फिरतो, म्हणजे त्याच्या कडेचा वेग मिनिटाला जेमतेम ७० मीटर भरतो. त्यावर धार भाजण्याचा प्रश्नच उद्भवत नाही आणि लागलेली धार सुरेख असते, परंतु मोठे पाते पातळ करायला तो फार संथ आहे. वर्क शार्पच्या केन ओनियन एडिशनसारख्या हातात मावणाऱ्या बेल्टयंत्रात कोन १५ ते ३० अंशांच्या मार्गदर्शकात बसवला जातो, त्यामुळे नवख्यालाही एकसारखी धार जमते. पातळ करायला लागणारे तीन-चार अंश मात्र त्या मार्गदर्शकात येत नाहीत. ज्यांच्याकडे दोन-तीनच सुऱ्या आहेत, त्यांना एक भरड आणि एक १००० चा दगड पुरे. ज्यांच्याकडे जुन्या, झिजलेल्या सुऱ्यांचा ढीग आहे आणि पात्याच्या आकाराची हौस आहे, त्यांनी हे यंत्र प्लेटन बदलण्याच्या तयारीनेच घ्यावे.

काही पाती या यंत्रापासून दूर ठेवावीत. एकाच बाजूला उतार असलेल्या जपानी सुऱ्यांची मागची बाजू मुद्दाम किंचित खोलगट घडवलेली असते. बेल्टवर ती सपाट झाली की सुरीची मूळ रचनाच बिघडते. दातेरी सुरीचे दाते बेल्टवर एका फेऱ्यात घासून जातात. सिरॅमिकच्या पात्यांसाठी तर हिऱ्याच्या दाण्यांचेच साधन लागते. साध्या बेल्टवर त्यांचे टवके उडतात.